जुन्या फटफटीची घरगुती निगा

[नभोवाणीवर झालेलें भाषण]

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटलें असेल. ज्याचा सारा जन्म खडू आणि फळा यांच्या संगतींत गेला, अशा एका निवृत्त मास्तरानें मोटारसायकलीच्या दुरुस्तीवर बोलावें, यांत अधिकाराचा प्रश्न सहजच निघतो. मी इंजिनिअर नव्हे, आणि कसबी कारागीरही नव्हे. मॅट्रिक झालों, शिक्षकाचें प्रशिक्षण घेतलें आणि साताऱ्याहून मेढ्याच्या वाटेवरील एका गांवच्या शाळेंत वर्षानुवर्षें जात-येत राहिलों. त्या जाण्यायेण्यासाठीं १९९८ सालीं घेतलेली हीरो होंडा स्प्लेंडर ही गाडी आजही माझ्या दारांत उभी आहे. रोजचे चाळीस किलोमीटर तिनें निमूटपणें तोडले. तिच्या मीटरनें ९९,९९९ चा आंकडा केव्हांच पुरा केला आणि पाटी पुसून पहिल्या इयत्तेंत बसलेल्या मुलाप्रमाणें पुनः शून्यापासून मोजण्यास आरंभ केला. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं आणि त्यानंतर दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते. २०१३, २०१८ आणि २०२३ अशा तिन्ही वेळां तपासणींतून ती सुखरूप पार पडली. माझा अधिकार म्हणाल तर एवढाच.

परंतु आज मी बोलणार आहें तो केवळ या संसाराचा अभिमान सांगण्यासाठीं नव्हे. घरच्या घरीं गाडीची निगा राखतांना माझ्या हातून एक चूक झाली होती. तिची किंमत एखाद्या घराला फार मोठी पडली असती. ती चूक काय होती हें सांगण्यापूर्वीं, घरीं काय करतां येण्यासारखें आहे हें थोडक्यांत सांगतों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, हें यंत्र वाटतें तितकें गूढ नाहीं. निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकानें १८७६ सालीं चार ठोक्यांचें इंजिन सिद्ध केलें. पुढें नऊ वर्षांनीं डाइमलर व मायबाख यांनीं एक छोटें इंजिन लांकडी सांगाड्याच्या दुचाकीवर बसवून ती चालती केली. हवा आणि इंधन आंत ओढणें, तें मिश्रण दाबणें, त्याला ठिणगी देणें आणि जळलेला वायु बाहेर लोटणें, हींच चार कामें माझ्या गाडीचें ९७.२ घनसेंटिमीटरचें एकुलतें इंजिन आजही करतें. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे कडक नियम लागू झाले. तेव्हांपासूनच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन संगणकाच्या हुकमानें पेट्रोल फवारणारी योजना आली आहे. त्या भागाला घरीं हात लावूं नये. पण टायर, चेन, ब्रेक आणि तेल हीं नव्या गाडीलाही आहेत आणि जुन्या गाडीलाही आहेत. आणि घरगुती निगेचा बारा आणे भाग यांतच सामावतो.

माझी रीत अशी आहे. रविवारीं सकाळीं गाडी थंड असतांना ती सपाट जागीं मधल्या स्टँडवर उभी करावी. पहिली पाहणी टायरची. हवेचा दाब थंड टायरांतच मोजावा. चालून आलेल्या टायरांतील हवा तापलेली असते व आंकडा खोटाच वाढलेला दिसतो. दाब किती असावा हें गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत छापलेलें असतें. एकट्या स्वारासाठीं आणि दोघांसाठीं मागच्या चाकाचे आंकडे निराळे असतात, याकडे पुष्कळांचें लक्षच जात नाहीं. टायरच्या खांचांत रुतलेले बारीक खडे व कांचेचे तुकडे त्याच वेळीं काढून टाकावेत.

दुसरी पाहणी चेनची. चाक हातानें हळूहळू फिरवीत चेनीच्या खालच्या पदराच्या मध्यावर बोटानें वर-खालीं दाबून पाहावें. ती सर्वत्र सारखी झिजत नाहीं, म्हणून जेथें ती सर्वांत ताठ लागेल तेथें मोजावें. लहान गाड्यांत तेथें साधारण दोन ते तीन सेंटिमीटरांचा ढिलेपणा असावा. नेमका आंकडा ज्यानें त्यानें आपल्या पुस्तिकेंत पाहावा. चेन फार ताठ असली तर बेअरिंगें झिजतात, आणि फार सैल असली तर ती उतरून चाकांत अडकण्याचें भय असतें. चेन रॉकेलनें पुसून कोरडी करावी व तिला ९० नंबरचें गिअर ऑइल द्यावें. येथें एक सूचना मी आग्रहानें देतों: इंजिन चालूं ठेवून, चाक फिरतें ठेवून चेन कधींही पुसूं नये. फडक्याबरोबर बोटें ओढलीं जाण्यास निमिषही पुरतें.

तिसरी पाहणी ब्रेकची. मागच्या ब्रेकचें पायडल लागू होण्यापूर्वीं दोन-तीन सेंटिमीटर मोकळें दबावें. चाकाच्या ब्रेकपाशीं एक लहानसा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबला असतां तो बाण शेजारच्या खुणेपर्यंत पोंचला, तर आंतले ब्रेक शू संपले असें समजावें. मग नट आवळून दिवस ढकलण्यांत अर्थ नाहीं. शेवटीं इंजिन दोन-तीन मिनिटें चालवून बंद करावें, तितकाच वेळ थांबावें आणि तेलाची कांडी बाहेर काढून पुसावी. माझ्या गाडीच्या जातींत ती कांडी आटे न फिरवतां नुसती आंत टेकवून पुनः काढावयाची असते. तेल दोन खुणांच्या मध्यें दिसलें म्हणजे झालें. हें सर्व करण्यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं.

याशिवाय दर तीन-चार महिन्यांनीं करावयाचीं कांहीं कामें आहेत. त्यांत प्लग काढून पाहणें हें मला सर्वांत बोधप्रद वाटतें. कारण प्लगचें टोंक म्हणजे इंजिनाची जीभच होय, आणि वैद्य जशी रोग्याची जीभ पाहतो तशी ती पाहावी. ती फिकट तांबूस-तपकिरी असली तर प्रकृति उत्तम. कोरडी काळी काजळी असली तर पेट्रोल अधिक आणि हवा कमी जाते आहे. तेव्हां प्रथम हवेची गाळणी तपासावी. काजळी तेलकट व ओली असली तर इंजिनांतील तेल जळूं लागलें आहे, आणि तें काम घरचें नव्हे. टोंक पांढरें पडलें असल्यास इंजिन प्रमाणाबाहेर तापतें आहे. प्लग पुनः बसवतांना पहिले आटे नेहमीं बोटांनीं फिरवावेत. इंजिनाचा माथा ॲल्युमिनियमचा असतो. पान्याच्या जोरानें तिरपा घातलेला प्लग त्याचे आटे कायमचे घालवतो. पाना हातीं आला म्हणजे माणसाला बळ दाखवावेंसें वाटतें; परंतु या धंद्यांत बळापेक्षां बेताचें मोल अधिक आहे.

हवेची गाळणी स्पंजाची असल्यास रॉकेलांत धुवून, पिळून, वाळवून तिला थोडें तेल लावावें. कागदाची असल्यास ती धुवूं नये, मुदत संपतांच बदलावी. इंजिनाचें तेल गाडी कोमट असतांना बदलावें, म्हणजे गाळ तेलाबरोबर निघून येतो. काढलेलें काळें तेल मात्र गटारांत किंवा झाडाच्या आळ्यांत ओतूं नये. थोडेंसें तेलही पुष्कळ पाणी नासवतें. तें डब्यांत भरून गॅरेजवाल्याच्या पिंपांत नेऊन द्यावें. ब्रेकचा ड्रम उघडला असतां आंत जी राखेसारखी भुकटी दिसते ती तोंडानें फुंकण्याची वाईट खोड आपणां सर्वांना आहे. जुन्या लायनिंगांत ॲसबेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि तें फुप्फुसांचें वैरी आहे. ती भुकटी ओल्या फडक्यानेंच टिपावी. तसेंच बंद खोलींत इंजिन चालूं ठेवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो माणसाला सावध होण्यास अवसर देत नाहीं.

जुन्या गाडीच्या मालकांनीं आणखी एका गोष्टीची दखल घेतली पाहिजे. आपल्या देशांत पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें लक्ष्य २०२५ सालीं गांठण्यांत आलें. इथेनॉल हवेंतील ओलावा ओढून घेतें, आणि जुन्या धर्तीच्या रबराला तें मानवत नाहीं. म्हणून पेट्रोलची नळी दोन बोटांत दाबून, वाकवून वरचेवर पाहावी. ती फुगलेली, चिकट किंवा भेगाळलेली दिसली तर त्याच दिवशीं बदलावी. तापलेल्या इंजिनावर ठिबकणारें पेट्रोल उद्यांची वाट पाहत नाहीं. गाडी पावसाळ्यांत महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या वाटींतील पेट्रोल खालच्या स्क्रूनें काढून टाकावें. हें काम उघड्या हवेंत करावें, आणि जवळपास देवापुढची निरांजनसुद्धां पेटती नसावी.

येथवर जें सांगितलें तें कोणत्याही कारागिराकडून आपणांस ऐकावयास मिळेल. आतां माझ्या चुकीकडे वळतों.

२०११ सालची गोष्ट. आषाढांतील एका रविवारीं मीं मागचें चाक काढून ब्रेक साफ केला. मला स्वतःच्या कसबाविषयीं त्या वेळीं बरीच घमेंड चढली होती. प्रथम तो ब्रेक कसा असतो हें सांगितलें पाहिजे. ब्रेकचे शू एका गोल पाटीवर बसवलेले असतात. पायडल दाबलें कीं ते फिरत्या ड्रमला आंतून घट्ट धरतात. आतां ड्रमनें शूंना धरलें म्हणजे तो त्यांना आपल्याबरोबर फिरवूं पाहणार, हें उघड आहे. म्हणून ती पाटी एका लोखंडी पट्टीनें गाडीच्या सांगाड्याशीं जखडलेली असते. पट्टीला एक बोल्ट, बोल्टला एक नट, आणि तो नट हादऱ्यांनीं सुटूं नये म्हणून बोल्टच्या भोकांतून घातलेली एक दुबेळकी तार असते. तिला कारागीर स्प्लिट पिन म्हणतात. ती एकदां काढली कीं पुनः वापरूं नये, नवी घालावी, असा नियम आहे. तो मला ठाऊक होता, आणि म्हणून मीं बाजारांतून नवी पिन आणूनही ठेवली होती.

काम संपलें. गाडी सुरू झाली, ब्रेक उत्तम लागला, मी हात धुतले. अंगणांत पसरलेलें वर्तमानपत्र आवरतांना माझ्या पत्नीला त्याच्या घडींत एक चकचकीत पिन सांपडली. ती मला दाखवून तिनें विचारलें, "हें काय राहिलंय? कुठं बसायचं असतं?" मीं तिच्याकडे नीट पाहिलेंही नाहीं. म्हणालों, "दुकानदारानं एक जास्त दिली असेल. ठेव डबींत." तिनें ती डबींत ठेवली.

त्यानंतर सुमारे दोन महिने मी त्याच गाडीवरून रोज शाळेंत गेलों. गणपति होऊन गेले. कास पठारावर फुलें आल्याची वार्ता आली, आणि माझ्या मुलानें व नव्या सुनेनें रविवारीं त्याच गाडीवरून यवतेश्वराच्या घाटानें वर जाण्याचा बेत केला. शनिवारीं दुपारीं शाळेंतून परततांना माझें मागचें चाक पंक्चर झालें. नाक्यावर ज्याच्या गॅरेजपर्यंत मीं गाडी ढकलीत नेली, तो मुलगा माझ्याच हाताखालीं चौथीपर्यंत शिकलेला. चाक काढण्यासाठीं तो खालीं बसला, पट्टीच्या नटाला त्यानें पाना लावला, आणि लगेच पाना बाजूला ठेवून त्यानें तो नट दोन बोटांनींच फिरवला.

"गुरुजी, मागचा ब्रेक कुणीं खोलला होता?"

"मींच. का रे?"

"हा बोटानं फिरतोय. दोन आट्यांवर राहिलाय. आणि पिन कुठं गेली?"

मीं उत्तर दिलें नाहीं. पिन कोठें आहे हें मला त्या क्षणीं पक्कें ठाऊक होतें. तो नट गळून पट्टी सुटली असती तर घाटाच्या उतारावर ब्रेक दाबतांच ती पाटी चाकाबरोबर गरकन फिरली असती, ब्रेकची सळई पिळवटली असती आणि मागचें चाक जागच्या जागीं आवळलें गेलें असतें. गाडीवर कोण असणार होतें हें मीं सांगितलेंच आहे. त्या मुलानें आणखी एक शब्दही न बोलतां नवी पिन घातली, तिचीं दोन्ही टोंकें वांकवलीं आणि पंक्चरचेच काय ते पैसे घेतले. चौथींत असतांना गणित सोडवून उठलेल्या याच मुलाला मीं कितीदां तरी परत बसवलें असेल, "ताळा केलास का?" असें विचारून! त्या दिवशीं त्यानें माझा ताळा केला.

श्रोतेहो, या प्रसंगावर मीं पुष्कळ विचार केला. माझें ज्ञान कमी पडलें होतें असें नाहीं. नियम मला माहीत होता. साधनही कमी नव्हतें. पिन घरांत होती. इतकेंच नव्हे, तर चूक दाखवणारें माणूसही समोर उभें होतें. यंत्राचें एक अक्षर न शिकलेल्या माझ्या पत्नीनें नेमका योग्य प्रश्न विचारला होता. आणि मीं तो ऐकला नाहीं, कारण विचारणाराला यंत्र कळत नाहीं अशी माझी समजूत होती. घरगुती दुरुस्तींतील खरा धोका अज्ञानापेक्षांही या समजुतींत आहे असें मला वाटतें. गॅरेजांत एकाचें काम दुसरा पाहतो. घरीं आपणच कारागीर आणि आपणच परीक्षक असतों; आणि स्वतःचा पेपर स्वतः तपासणारा विद्यार्थी कधीं नापास होत नाहीं.

म्हणून त्या दिवसापासून मीं कांहीं नेम घालून घेतले आहेत, ते आपणांपुढें ठेवतों. वर्तमानपत्रावर काम करणें मीं सोडलें. काढलेली प्रत्येक वस्तु, ज्या क्रमानें निघाली त्याच क्रमानें, एका जुन्या परातींत मांडतों. खोलण्यापूर्वीं हातांतील फोनवर त्या भागाचें छायाचित्र घेतों; पूर्वीं मी वहींत आकृति काढीत असें, त्यापेक्षां हें सोपें आहे. नवा भाग आणला तर तोही त्याच परातींत ठेवतों, निराळा ठेवीत नाहीं. परात रिकामी झाल्याखेरीज हात धुवावयाचे नाहींत. आणि एखादी वस्तु उरलीच, तर ती "जास्तीची" आहे असें केव्हांही मानावयाचें नाहीं. ती कोठें बसते हें कळेपर्यंत गाडी रस्त्यावर न्यावयाची नाहीं.

दुसरें असें कीं, कामांची मीं वांटणी केली आहे. ज्या कामांत चूक झाली तर गाडी सुरू होणार नाहीं, तीं कामें बेलाशक घरीं करावीं. प्लग, गाळणी, क्लचची वायर यांत चुकलों तर फार तर बसनें जावें लागेल. परंतु ज्या कामांत चूक झाली तरी गाडी सुरू होते, चालते, आणि थांबण्याच्या वेळीं मात्र दगा देते, अशा कामांना फार जपावें. ब्रेक, चाकाचा आंस, हँडल आणि पुढचे शॉकॲब्सॉर्बर हीं त्यांतलीं होत. हीं शक्य तों जाणत्याकडून करवून घ्यावीं, आणि घरीं केलींच तर दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांखालून घातल्यावांचून गाडी कोणाच्या हातीं देऊं नये.

हा दुसरा माणूस यंत्रज्ञच असला पाहिजे असें मुळींच नाहीं. आपल्या घरांतील गृहिणी, दहा वर्षांचा मुलगा किंवा कॉलेजांत जाणारी मुलगीही तें काम उत्तम करील. त्यांना एवढेंच सांगावें कीं, परातींत काय काय होतें तें मोजा, आणि शेवटीं काय उरलें तें विचारा. असें केल्यानें आणखी एक लाभ होतो, तो असा कीं, ज्या गाडीवर घरांतलीं सर्व माणसें बसतात ती गाडी सर्वांच्या ओळखीची होते. माझी सूनबाई आतां चेनीचा ढिलेपणा माझ्यापेक्षां अचूक ओळखते, आणि हवेचा आंकडा तिला तोंडपाठ आहे.

ती पिन मीं अजून जपून ठेवली आहे. तिची किंमत त्या काळीं रुपया-दोन रुपये असेल-नसेल. आजही रविवारीं काम आटोपून मी नळाकडे वळलों कीं स्वयंपाकघरांतून प्रश्न येतो, "परात रिकामी झाली का?" पूर्वीं अशा प्रश्नाचा मला राग आला असता. आतां मी परत फिरतों, परात उचलून पाहतों, आणि मगच उत्तर देतों.